समुपदेशनात 'आधी शरीराला विचारा' कशासाठी?

कडुनिंब
सांजसावलीताईंनी परवा लिहिलं की सोल्युशन-फोकस्ड पद्धतीत (अडचण उगाळण्यापेक्षा उपायावर बोलायची समुपदेशनाची पद्धत) सत्राची सुरुवात डोळे मिटून बॉडी स्कॅनने, म्हणजे शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेत, करावी, कारण 'उत्तर शरीराकडे आधीच असतं'. वाचून डोकं फिरलं. प्रतिसाद लांबला, म्हणून वेगळा धागा.

ही पद्धत घडवणाऱ्या स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकीत 1978 मध्ये केंद्र काढलं, ते माणसाला दुखण्यात रुतू न देण्यासाठी. म्हणून तो चमत्काराचा प्रश्न: रात्रीत सगळं सुटलं, तर सकाळी पहिलं काय वेगळं दिसेल? म्हणून ते 0 ते 10: आज कुठे आहात ते आकड्यात सांगायचं. मोजक्या भेटींत काम उरकायचं. त्यातली निम्मी वेळ श्वासात घालवली तर बोलायचं कधी? अमेरिकेतल्या जॉन कबाट-झिन यांचा माइंडफुलनेसचा (आत्ता जे जाणवतंय त्याकडे सजगपणे बघण्याचा) कोर्स 8 आठवड्यांचा, शिवाय रोजचा गृहपाठ. त्यातली पाच मिनिटं उचलून इथे चिकटवायची?

आणि मूळ भांडण वेगळंच आहे. इगतपुरीला विपश्यनेत शिकवतात की संवेदना बदलायची नाही, समतेने बघायची. इथे माणूस बदल हवा म्हणून पैसे मोजतोय. एकाच तासात 'जे आहे ते बघा' आणि 'जे हवं ते सांगा', दोन्ही?

सांजसावली
'गरज असेल तिथे' हे माझे शब्द तुम्ही सोयीस्कर गाळलेत. असो.

क्लायंट म्हणते, मी 4 वर आहे. 5 वर गेल्यावर काय वेगळं असेल? 'काय माहीत.' चमत्काराचा प्रश्न? 'काय माहीत.' मग मी विचारलं, गेल्या आठवड्यात जरा बरं गेलं त्या दिवशी खांदे कसे होते, आवाज कसा होता? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, 'त्या दिवशी मी घास नीट चावून खाल्ला.' पुढचं सगळं काम तिथून सुरू झालं. हा अपवाद, म्हणजे त्रास कमी असलेला क्षण, नुसत्या शब्दांनी सापडला नसता.

खवट आजोबा
क्लायंटच्या जेवणाची चर्चा चव्हाट्यावर. छान.

सांजसावली
आजोबा, तपशील बदलून लिहिलंय. इतकी अक्कल आहे मला.

हिंजवडीकर
आमच्याकडे दर शुक्रवारी एचआर माइंडफुलनेस करायला लावतं. डोळे मिटा, पायाच्या अंगठ्याकडे लक्ष द्या. डोळे उघडले की मॅनेजरचा मेल: डेडलाइन रविवार. घेणारा बाबा दोन वर्षांपूर्वी सेल्समध्ये होता, शनिवार-रविवार झूमवर बसून कोच झाला.

मीरा_क
+1. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आम्ही त्यासाठी वर्षं घासली. कोच म्हणून पाटी लावायला काय लागतं? पाटी. आणि फी आमच्या दुप्पट.

सांजसावली
म्हणजे मी पाटीवाली का? स्पष्ट बोला.

मीरा_क
टोपी बसली असेल तर माझा इलाज नाही.

हिंजवडीकर
आमच्या बाबाची फी ऐकली तर तुमच्या छातीत धडधडेल. तीही समतेने बघा.

खवट आजोबा
आमच्या वेळी मन मोकळं करायला मित्र असत. फुकट.

मीरा_क
आणि त्यावर 'लग्न करून टाक' हा सल्लाही फुकट.

निशिगंध
भांडण चालू द्या, पण मूळ विषयावर माझा अनुभव. मला पॅनिक अटॅक यायचे. एका समुपदेशकांनी पहिल्याच भेटीत डोळे मिटायला लावले, 'छातीत काय जाणवतंय बघा' म्हणाले. काय जाणवणार? धडधड! तिच्याकडे लक्ष दिलं तशी ती वाढली आणि मी खोलीबाहेर पळाले. पुढच्या बाई वेगळ्या होत्या. डोळे उघडेच ठेवा, तळवे जमिनीला टेकलेत ते बघा, एवढंच. मग, 'गेल्या वेळी अटॅक येता येता थांबला, तेव्हा काय करत होतात?' मी कपडे वाळत घालत होते. हात वर, श्वास मोकळा. अजूनही धडधड सुरू झाली की बादली उचलते. सासूबाईंना वाटतं सून फार कामसू.

कडुनिंब
माझंच म्हणणं झालं हे. दुखतं तिथे टॉर्च मारू नका.

सांजसावली
अहो, माझंही तेच आहे! खांदे कुठल्या दिवसाचे विचारले मी? बऱ्या गेलेल्या. निशिगंध यांच्या पहिल्या समुपदेशकांनी शरीर विचारलं ते त्रासाचं, दुसऱ्या बाईंनी सुटकेचं. सगळा फरक तिथे आहे.

कडुनिंब
मग लेखात 'बॉडी स्कॅन' कशाला घातलंत? स्कॅनमध्ये डोक्यापासून पायापर्यंत सगळंच येतं, दुखरा भागही. बरं, घास चावण्याचा प्रश्न चांगला होता, देतो तुम्हाला. पण 'घरच्यांना तुमच्यात काय वेगळं दिसेल' हे त्या पद्धतीत पहिल्यापासून विचारतात. तुम्ही घरच्यांच्या जागी खांदे बसवलेत, एवढंच. त्याला माइंडफुलनेसचं लेबल लावलं की फी वाढते, नाही का?

सांजसावली
कौतुकाबद्दल आभार. फी तीच आहे.

मीरा_क
किती?

सांजसावली
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

हिंजवडीकर
ते ठरेपर्यंत शुक्रवारी मी डोळे उघडे ठेवले तर चालेल का? सेशनला हजेरी लागते.