उजवीकडे वळताना पुढून कट-कट आवाज: खरंच स्टिअरिंग रॅक बदलावा लागेल?

समाकर:
नमस्कार मंडळी. माझी २०१२ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ८७ हजार किलोमीटर झालेत. गेले तीन आठवडे स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं की पुढून कट-कट-कट येतं. आवाज मी नाही, सासूबाईंनी पकडला. त्या माझ्या शेजारच्या सीटवर बसतात. इथे वडोदऱ्यात काळाघोडा सर्कलला वळसा घालताना म्हणाल्या, "अगं, माझ्या पायाशी कुणी सुपारी कातरतंय का?" तेव्हापासून मी कान देऊन ऐकते आहे. सर्कलला येतो, यू-टर्नला येतो, सोसायटीच्या गल्लीत डावीकडे शिरताना येत नाही. सरळ रस्त्यावर गाडी अगदी शांत.

गराजवाल्याने गाडी वर न उचलताच सांगितलं की स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारी दांडी, गेला, अख्खा बदला. आकडा ऐकून मी तशीच परत आले. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. त्यामुळे गाडी बंद ठेवता येत नाही आणि अशी चालवायचा धीरही होत नाही. आणखी एक. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरलं होतं, तेव्हा गाडी दीड दिवस अर्ध्या चाकांपर्यंत पाण्यात उभी होती. त्याचा संबंध असेल का?

मांडवीकर:
आधी चाकाचे नट पान्याने घट्ट आहेत का बघा, आजच. ढिल्या नटांनीही असा आवाज येतो आणि ते जिवावर बेतू शकतं. व्हील कप काढूनही एक फेरी मारा.

जुना फिटर, प्रतापनगर:
ताई, मी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालो. मोटारींचं काम घरच्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांवर शिकलो. तुमच्या वर्णनावरून मला रॅकचा संशय येत नाही. गाडी उभी ठेवा, इंजिन चालू करा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. तेव्हा आवाज आला तर रॅक किंवा शॉकअॅब्सॉर्बरच्या वरचं माउंटिंग बघायचं. चाक फिरतानाच येत असेल आणि वेगाबरोबर भराभर होत असेल, तर तो एक्सलचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतच्या शाफ्टचा, बाहेरचा सीव्ही जॉइंट.

हा जॉइंट म्हणजे चाकाजवळची पोलादी वाटी. आत सहसा सहा गोळ्या असतात, त्या खाचांतून सरकतात, म्हणून चाक वळलेलं असतानाही इंजिनचा जोर त्याला एकसारखा मिळतो. वर रबरी बूट, आत मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं, धूळपाणी आत जातं आणि खाचांना खड्डे पडतात. सरळ जाताना गोळ्या जवळजवळ जागच्या जागी असतात. वळताना मात्र प्रत्येक फेऱ्याला मागेपुढे धावतात, आणि खड्ड्यावरून गेल्या की कट. पुराचं म्हणाल तर शाबूत बुटातून पाणी आत जात नाही. फाटका असेल तर दीड दिवस पुष्कळ झाला.

डावा की उजवा? वळताना भार बाहेरच्या चाकावर येतो. आपल्याकडे सर्कल आणि यू-टर्न नेहमी उजवीकडेच, म्हणजे बाहेरचं चाक डावं. सासूबाई बसतात तीच बाजू. त्यांचा कान बरोबर निघेल असं मला वाटतं, पण खात्री करून घ्या. पहाटे नवलखी मैदानासारख्या मोकळ्या जागी पहिल्या गिअरमध्ये, काचा खाली करून, हलका अॅक्सिलरेटर देत दोन्ही दिशांना गोल फिरा. मग चाकामागे टॉर्च मारून बुटाच्या घड्या बघा. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर पुढे शोधायला नको. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावा.

मांडवीकर:
काका, बूट बदलून ताजं ग्रीस भरलं तर भागणार नाही का? मी तेच केलं होतं. आठवडाभर शांतता होती, मग पावागढला माचीपर्यंत चढलो आणि उतरताना प्रत्येक वळणाला पुन्हा तेच.

जुना फिटर, प्रतापनगर:
तुम्हीच उत्तर दिलंत. आवाज सुरू होण्याआधी चीर दिसली तर बूट, क्लिपा आणि ग्रीस पुरे. आवाज सुरू झाला म्हणजे खाचा झिजल्या, ग्रीस फक्त तो दाबतं. जॉइंटच बदलायचा. जुना सोबत नेऊन दाते मोजून घ्या, एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) रिंग असेल तर तीही जुळवा. चाकाच्या मधोमध असलेला हबचा मोठा नट नवाच घाला आणि गाडीच्या पुस्तकातल्या मापाने टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळा. शाफ्ट गिअरबॉक्समधून निघाला तर तिथलं ऑइल सील तपासा, सांडलेलं ऑइल भरा. शाफ्ट काढलेला असताना गाडी चाकांवर ढकलू देऊ नका, बेअरिंग खराब होतं.

समाकर:
काका, रविवारी पहाटे करून पाहिलं. उभ्या गाडीत काही नाही. उजव्या फेऱ्यांत स्पष्ट, डाव्या फेऱ्यांत अगदी पुसट. टॉर्च मारली तर डाव्या बुटाच्या दुसऱ्या घडीत बोटभर चीर, आणि रिमवर काळा थर. फोटो काढून दुसऱ्या गराजमध्ये गेले. डावीकडे नवा जॉइंट घातला. उजवा जॉइंट ठीक होता, पण त्याचाही बूट तडकायला लागला होता, तो बदलून घेतला. जुना जॉइंट मी मागून घेतला. रॉकेलने धुतल्यावर खाचांत नखाला लागतील असे खड्डे दिसले, ग्रीसमध्ये बारीक वाळू होती. शॉकअॅब्सॉर्बरचे बोल्ट सोडावे लागले म्हणून चाकांची अलाइनमेंट करून घेतली. सगळं मिळून खर्च पहिल्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्यातही बसला.

काल डायलिसिसहून येताना काळाघोड्याला सासूबाई मान कलती करून ऐकत बसल्या होत्या. वळसा पूर्ण झाला तरी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणखी एक फेरी मार."