रॅकेटबॉल वर्ल्ड चॅम्पियनशिप: रॅली मधेच थांबवून पॉइंट परत का खेळवतात?

नवा_प्रेक्षक
नमस्कार मंडळी, सध्या रॅकेटबॉल वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या जुन्या मॅचेस बघायचा सपाटा लावलाय. २०१८ ची कोस्टा रिकामधली, जिथे ग्वातेमालाच्या गॅब्रिएला मार्टिनेझने फायनलला मेक्सिकोच्या पाओला लोंगोरियाला हरवलं, तिथून जे सुरू झालं ते आता सोडवत नाहीये. पण एक गोष्ट काही केल्या डोक्यात शिरत नाही. रॅली एकदम रंगात आलेली असते, बॉल मस्त कमरेच्या उंचीवर आलेला असतो, खेळाडू रॅकेट मागे नेतो आणि मारतच नाही, थांबून रेफरीकडे बघतो. मग रेफरी कधी म्हणतो परत खेळा आणि कधी डायरेक्ट समोरच्याच्या विरोधात निकाल देतो. दोन्ही वेळेला मला तरी सेमच दिसतं! फरक नक्की कशावरून ठरतो? आणि जुन्या मॅचेसमध्ये गेम १५ ला संपतो, नवीनमध्ये ११ ला, हे कधी बदललं?

शॉर्टलाइन
प्रश्न छान आहे, कारण हा हिंडरचा, म्हणजे मारणाऱ्याच्या वाटेत अडथळा येण्याचा नियम कळला की मॅच बघायची मजाच बदलते.

आधी कोर्ट डोळ्यासमोर आणा. ४० फूट लांब, २० रुंद, २० उंच, चारही बाजूंनी भिंती, मधे नेट नाही, दोघंही त्याच डब्यात. ज्याची मारायची पाळी आहे त्याला बॉल नीट दिसला पाहिजे, बॉलपर्यंत जायला वाट मिळाली पाहिजे, स्विंगला जागा मिळाली पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याचे दोन शॉट मोकळे असले पाहिजेत: एक सरळ समोरच्या भिंतीवर आणि दुसरा क्रॉसकोर्ट, म्हणजे समोरच्या भिंतीवरून उलटून लांबच्या मागच्या कोपऱ्यात जाणारा. या दोन शॉटच्या वाटेत तुम्ही उभे असाल आणि बाजूला होणं शक्य असूनही झाला नाहीत तर पेनल्टी हिंडर, रॅली गेली. मुद्दाम केलं की चुकून हे बघत नाहीत. पण तुम्ही खरंच हलू शकत नव्हता, बॉलच तसा विचित्र उडाला किंवा दोघं एकमेकांवर आदळले, तर रिप्ले.

म्हणून पुढच्या वेळी बॉल सोडा आणि जो मारत नाहीये त्याचे पाय बघा. सर्व्ह करणारा सर्व्ह झाल्या झाल्या दोन पावलं मागे सरकून कोर्टाच्या मधे, शॉर्ट लाइनच्या (कोर्टाचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग करणारी रेषा) थोडं मागे जागा धरतो, कारण तिथून सगळीकडे पोचता येतं. दुसऱ्यालाही तीच जागा हवी असते. मग स्वतःचाच शॉट फसून बॉल मधे परत आला की त्याला ती जागा सोडायलाच लागते, आणि नेमकं तेव्हाच तो अर्धा सेकंद रेंगाळतो. पेनल्टी बहुतेक वेळा तिथेच मिळते.

आणि खेळाडू स्विंग थांबवतो ना, ते फार चांगलं करतो. फूटभरावर माणूस असताना पूर्ण जोरात रॅकेट फिरवली तर काय होईल? डोळ्यांवर गार्ड आणि मनगटाला रॅकेटची दोरी कंपल्सरी आहे ते काय उगाच नाही.

साइडआउट
स्कोअरिंगचं मी सांगतो, कारण माझा अजूनही त्यावर राग आहे. आधी पॉइंट फक्त सर्व्ह करणाऱ्याला मिळायचा. दुसऱ्याने रॅली जिंकली तर त्याला नुसती सर्व्ह मिळणार, स्कोअर तोच. १५ चे दोन गेम आणि १-१ झालं तर तिसरा ११ चा. आता २०२२ पासून इंटरनॅशनल फेडरेशनने रॅली स्कोअरिंग आणलंय, म्हणजे रॅली जिंकेल त्याला पॉइंट, सर्व्ह कोणाचीही असो, पाच गेममधले तीन, प्रत्येक ११ चा आणि दोनची आघाडी पाहिजे. मॅच वेळेत संपते हे कबूल आहे, पण १४-९ ने मागे असलेला माणूस सर्व्ह परत परत हिसकावून घेतो आणि पलीकडचा मॅच पॉइंटवर अडकून पडतो, तो ताण आता त्या पद्धतीने येत नाही हो. सर्व्ह ही कमवायची गोष्ट होती.

शॉर्टलाइन
@साइडआउट, नाही पटलं. जुन्या पद्धतीत सर्व्ह इकडून तिकडे जात राहायची आणि स्कोअर दहा दहा मिनिटं हलायचा नाही, नवीन माणूस चॅनल बदलून मोकळा. आता प्रत्येक रॅलीला किंमत आहे. रिसीव्ह करणारासुद्धा रिटर्नवर किल, म्हणजे समोरच्या भिंतीवर अगदी खाली लागणारा शॉट, मारायला जातो आणि हिंडरचा एक कॉलसुद्धा थेट स्कोअरबोर्डवर दिसतो. शिवाय वर्ल्ड्समध्ये आधी ग्रुपच्या मॅचेस मग नॉकआउट, त्यात सिंगल्स, डबल्स आणि २०२१ पासून मिक्स्ड डबल्स पण आहे, तेच खेळाडू दिवसातून दोन तीनदा कोर्टवर उतरतात. त्यांच्या पायांचा पण विचार करा की!

साइडआउट
पायांचा मुद्दा मान्य. बाकी माझं मत तेच आहे.

मागची_भिंत
थोडी भर घालते. स्क्वॉश बघून इकडे आलेल्यांना अजून एक गोष्ट खटकते. स्क्वॉशमध्ये समोरच्या भिंतीवर खाली टिनची पट्टी असते, तिच्यावर लागला की आउट. इथे ती नाहीच. बॉल भिंतीच्या अगदी तळाशी लागला तरी चालतो, फक्त आधी जमिनीला लागायला नको. अगदी भिंत आणि जमीन मिळते तिथे लागला तर तो उसळतच नाही, जमिनीवरून घरंगळत येतो, त्याला रोलआउट म्हणतात, मग जगातला कोणीही असो, उचलूच शकत नाही. आणि इंचभर खाली गेला, म्हणजे आधी जमिनीला लागला, की स्किप, रॅली तुमच्या हातून गेली. त्यामुळे रेफरीचा कान पण चांगला लागतो, स्किपचा आवाज वेगळा येतो. मोठ्या मॅचला लाइन जज असतात ते यासाठीच, खेळाडू अपील करतो आणि दोघांनीही रेफरीच्या विरोधात खूण केली तर निर्णय फिरतो.

लोंगोरिया आवडली असेल तर तिच्या पॅन अमेरिकन गेम्सच्या मॅचेस पण शोधा. २०११, २०१५, २०१९, तिन्ही वेळेला सिंगल्स, डबल्स आणि टीम, सगळी गोल्ड तिच्याकडे. पुढे २०२२ ची वर्ल्ड्स सान लुइस पोतोसीला झाली, म्हणजे तिच्या स्वतःच्या गावात. तिचा सीलिंग बॉल बघत बसावा असा आहे, वर छताला लागून समोरच्या भिंतीवरून जो मागे जातो तो समोरच्याला पार मागच्या भिंतीला चिकटवतो, आणि तोपर्यंत ही बाई मधे येऊन उभी.

नवा_प्रेक्षक
अरे वा, धन्यवाद सगळ्यांना! पाय बघत एक गेम परत पाहिला आणि खरंच तीन चार पेनल्टी कॉल रेफरीच्या आधी ओळखता आले. आता एक राहिलं, शॉट मारला आणि तो बॉल समोरच्याच्या पाठीत बसला तर?

शॉर्टलाइन
टप्पा न पडता समोरच्या भिंतीकडे जात असताना लागला तर साधारण रिप्ले. पण तो भिंतीपर्यंत पोचणारच नव्हता असं रेफरीला स्पष्ट दिसलं तर मारणाऱ्याची रॅली गेली. आणि तो माणूस हटू शकत असूनही वाटेत उभा राहिला असेल तर वर सांगितलेली पेनल्टी. डबल्सच्या मॅचेस लावा, चार जण त्याच कोर्टात असतात, तिथे हे सगळं एकाच गेममध्ये बघायला मिळेल.