१५ ऑगस्टला जोडून ग्रीस: नाक्सोस की सँटोरिनी?

बी-३०४: नमस्कार मंडळी. १५ ऑगस्टला जोडून रजा टाकतोय. अथेन्स आणि एखादं ग्रीक बेट असा बेत आहे. हिच्या मनात सँटोरिनी पक्कं बसलंय. आई-बाबा सोबत आहेत, त्यांना दिवसभर उन्हात भटकणं झेपणार नाही. संध्याकाळी रमतील असं काय आहे? कुणी जाऊन आलंय का?

ए-१०२ काका: सँटोरिनीच. आमचे व्याही गेले होते, फोटो बघून डोळे दिपले.

सी-७०१ ताई: काका, फोटो सुंदरच येतात. पण इया गावात सूर्यास्ताला मुंगी शिरायला जागा नसते आणि जिथे तिथे पायऱ्या. बाबांच्या गुडघ्यांचं काय? दादा, मी नाक्सोस सुचवेन. आम्ही आईला घेऊन सप्टेंबरात गेलो होतो.

बी-३०४: नाव ऐकलंय फक्त. तिथे संध्याकाळी काय करायचं?

सी-७०१ ताई: बंदराला लागून एक छोटंसं बेट आहे, मधे दगडी बांध घातलाय. त्यावर अपोलोच्या देवळाचा नुसता दरवाजा उभा आहे, पोर्तारा म्हणतात त्याला. इ.स.पूर्व ५३० च्या सुमाराला लिग्दामिस नावाच्या हुकूमशहाने देऊळ बांधायला घेतलं, त्याची सत्ता गेली आणि काम तसंच राहिलं. पुढे व्हेनिसवाल्यांनी तिथले दगड वरच्या किल्ल्यासाठी नेले. दरवाजा तेवढा त्यांना हलला नाही. जवळजवळ सहा मीटर उंच, अख्खा संगमरवराचा. सूर्य त्या चौकटीत उतरतो तेव्हा बघायचं. तिकीट नाही. वारा मात्र सणसणीत, आईंना ओढणी-स्कार्फ असू द्या. बांधावर लाटेचं पाणी उडतं, चपला घट्ट हव्यात.

डी-२०३: माफ करा, मधेच विचारतेय. आज टँकर किती वाजता?

सेक्रेटरी: ६ नंतर. ताई, चालू द्या.

सी-७०१ ताई: मग अंधार पडला की किल्ल्यात शिरायचं. कास्त्रो म्हणतात. मार्को सानुदो या व्हेनिसच्या सरदाराने १२०७ मध्ये बेट घेतलं, त्या काळातली वस्ती. बोळ इतके अरुंद की समोरून कुणी आलं तर आपण भिंतीला चिकटायचं. इथे चढ आहे बरं का, बाबांना हळूहळू न्या. नाहीतर खाली बंदराकाठी सपाट रस्ता आहे. सगळं गाव तिथे फिरायला उतरतं, आजी-आजोबा, बाबागाड्या, सगळे. जेवायला नऊशिवाय कुणी बसत नाही. आपण साडेसातला गेलो तर वेटर टेबलं पुसत होता.

ए-५०४ काकू: आणि शाकाहारी?

सी-७०१ ताई: काकू, उपाशी नाही राहणार. गिगांतेस म्हणजे मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या बियांची टोमॅटोतली उसळच. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. नाक्सोसचे बटाटे तर ग्रीसभर नावाजलेले. भरल्या भाज्या मागवताना मात्र खिमा नाही ना विचारा. तिथलं ग्रेव्हिएरा चीज प्रसिद्ध आहे, पण त्यात रेनेट म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण असतं, कडक शाकाहारी असाल तर टाळा. आणि ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपासाचं, असं कुणी सांगितलं तर डोळे मिटून घेऊ नका. त्यांच्या उपासाला दूध-अंडं चालत नाही, ऑक्टोपस चालतो.

ए-१०२ काका: 😂 धर्म बदलावा म्हणतो.

ए-५०४ काकू: अहो!

बी-३०४: आणि पिण्याचं? (बाबा ग्रुपवर नाहीत.)

सी-७०१ ताई: कित्रोन. महाळुंगाच्या पानांची दारू, हाल्की गावात बनते. हिरवी सर्वांत गोड.
आता तारखेचं. दादा, १५ ऑगस्ट हा ग्रीसचाही मोठा सण, मेरीमातेचा. अर्धं अथेन्स त्या आठवड्यात बेटांवर असतं. बोटी भरलेल्या, खोल्यांचे भाव चढलेले. शिवाय ऑगस्टात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा. फार जोर धरला की बोटी सोडतच नाहीत. म्हणून परतीच्या विमानाआधी एक रात्र अथेन्सला ठेवाच.

बी-३०४: म्हणजे जाऊ नको?

सी-७०१ ताई: मी सप्टेंबर म्हणेन. पण रजा मिळणार नसेल तर बिनधास्त जा, कारण त्याच सणाला फिलोती या डोंगरातल्या गावात जत्रा भरते. चौकात व्हायोलिन आणि लाउतो नावाचं तंतुवाद्य, रात्रभर फेर धरून नाच. गाडीची सोय आधीच करा, रात्री परतताना पंचाईत होते.

बी-३०४: हिला वाचून दाखवलं. ती म्हणते, सँटोरिनी एक दिवस तरी.

सी-७०१ ताई: मग नाक्सोसहून सकाळच्या बोटीने जाऊन या, साधारण दोन तास. पिरेअसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरातून, नाक्सोसला येताना मात्र मोठी बोट घ्या. पाच-साडेपाच तास लागतात, पण छोट्या वेगवान बोटीइतकी हलत नाही. आणि आधी व्हिसाची तारीख मिळवा, विमानाचं नंतर बघा.

सेक्रेटरी: टँकर आला. डी विंगने गाड्या हलवाव्यात.