मदत हवी आहे: सिकलसेलच्या ग्रुपवर येणाऱ्या उपचारांच्या वेबसाइट खऱ्या की खोट्या, हे कसं ओळखायचं?

शहादेकर

राम राम मंडळी.

माझ्या भाचीला सिकलसेल आहे, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. एसएस, म्हणजे ती नुसती वाहक नाही, तिला प्रत्यक्ष आजार आहे. तिच्यामुळे नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या पालकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. ग्रुप खरंच उपयोगाचा आहे. कुठल्या दवाखान्यात हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलचं नेहमीचं औषध) संपलंय, रक्ताची पिशवी कुठे मिळेल, एप्रिल-मेच्या उन्हात पोरांना वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या हे गुरुजींना कसं सांगायचं, असलं सगळं तिथे चालतं. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसंसुद्धा तिथूनच विचारतात की पोराचे सांधे दुखायला लागले, आता जवळ कुठे जाऊ.

पण आता त्याच ग्रुपवर उपचारांच्या लिंका यायला लागल्यात. तीन लिंकांनी माझी झोप उडवली आहे.

पहिली एका चूर्णाची. '९० दिवसांत सिकलसेल मुळापासून बरा.' पांढऱ्या कोटातले डॉक्टर, 'आधी' आणि 'नंतर'चे लॅबचे रिपोर्ट, क्लिनिकल ट्रायलचा नंबर, सगळं तिथे आहे. मराठीही चांगली शुद्ध. खाली लिहिलंय, हायड्रॉक्सीयुरिया हे कॅन्सरचं औषध आहे, ते आजच बंद करा. हे वाचून दोन आयांनी मला फोन केला. खरंच कॅन्सरचं आहे का, म्हणून.

दुसरी सरकारी वाटते. राजमुद्रा, पंतप्रधानांचा फोटो, सिकलसेल निर्मूलन अभियानाचं नाव. 'मोफत उपचारासाठी नाव नोंदवा' म्हणते, पण आधार नंबर, मोबाइलवर आलेला ओटीपी आणि नोंदणीचे ४९९ रुपये मागते.

तिसरी सगळ्यांत अवघड. इंग्रजीतलं साधं पान आहे, कोणी काही विकत नाही, पैसे मागत नाही. व्हॉक्सेलोटर नावाच्या गोळीने हिमोग्लोबिन वाढतं, अमेरिकेत मान्यता आहे, असं लिहिलंय. एका पालकाने परदेशातल्या नातेवाइकाकडून ती गोळी मागवायचं ठरवलंय.

मी कॉमर्सवाला माणूस. पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसलं की वेबसाइट सुरक्षित, एवढंच मला कोणीतरी सांगितलं होतं. या तिन्ही लिंकांवर कुलूप आहे.

आणि चूर्णाची लिंक ज्यांनी टाकली ते आप्पा आमच्या भागातले मानाचे गृहस्थ आहेत. नातवासाठी त्यांनी काय नाही केलं. ते विकणारे नाहीत, त्यांचा मनापासून विश्वास आहे. लिंकसोबत त्यांनी लिहिलं होतं, "आम्हना पोऱ्याले फरक पडना", म्हणजे आमच्या पोराला फरक पडला. त्याच्याखाली चाळीस जणांनी हात जोडले. अशा माणसाला चारचौघांत 'हे खोटं आहे' म्हणायचं कसं? न म्हणावं तर एखादं लेकरू औषध बंद करून अ‍ॅडमिट होईल.

सिकलसेलचं दुखणं ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना माझी घालमेल कळेल. रात्री दोन वाजता लेकरू हातपाय आपटतं तेव्हा आईबाप कुठल्याही लिंकवर जातात. त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. साध्या मोबाइलवर त्यांना स्वतःला तपासता येईल असं काहीतरी सांगा.

भुसावळ_जंक्शन

भाऊ, आधी ते कुलूप डोक्यातून काढा. तुमचा मोबाइल आणि ती वेबसाइट यांच्यामधलं बोलणं वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की लबाड, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. लबाडालाही ते कुलूप फुकटात मिळतं.

पत्ता वाचायला शिकवा, आणि तो उजवीकडून वाचायला शिकवा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडल्या की पुढे पहिली एकटी तिरपी रेघ कुठे येते ते बघायचं. तिच्या लगेच डावीकडे जे आहे ते खरं घर. आपल्याकडच्या सरकारी वेबसाइटचा पत्ता तिथे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'वर संपतो. तुमच्या दुसऱ्या लिंकमध्ये 'जीओव्ही' अक्षरं बहुतेक सुरुवातीला किंवा मधे असतील आणि शेवट 'डॉट ऑनलाइन', 'डॉट कॉम' असा काहीतरी असेल. मधे काय लिहायचं ते कोणीही ठरवू शकतो. शेवट मात्र सरकारी खात्याशिवाय कोणाला मिळत नाही.

वेबसाइटचं वयही काढता येतं. 'हूइज' म्हणून शोधलं की नाव तपासायची सोय सापडते, तिथे पत्ता टाकला की हे नाव कोणत्या तारखेला विकत घेतलं ते दिसतं. '२५ वर्षांची परंपरा' लिहिलेलं दुकान दोन महिन्यांपूर्वीचं निघालं तर प्रश्न विचारायला जागा आहे. मात्र एवढ्यावरून निकाल देऊ नका, जुना माणूसही नवी वेबसाइट काढतो.

त्या पांढऱ्या कोटवाल्या डॉक्टरांचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा आणि इथे सांगा.

शहादेकर

बघितलं. तोच चेहरा दुसऱ्या एका पानावर केस उगवायच्या तेलाची जाहिरात करतोय, वेगळ्या नावाने. तिथे तो परदेशातला डॉक्टर आहे. दुसऱ्या लिंकचा शेवट 'डॉट ऑनलाइन'च निघाला. भाऊ, मनापासून आभार. ती लिंक मी आत्ताच ग्रुपवरून काढतोय.

भुसावळ_जंक्शन

काढा, पण का काढली तेही तिथेच लिहा, नाहीतर तीच लिंक उद्या दुसऱ्या नंबरवरून येईल. कोणी पैसे भरले असतील किंवा ओटीपी दिला असेल तर त्यांना आजच, आत्ताच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करायला सांगा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. बँकेलाही कळवा.

औषधांच्या_काउंटरवरून (धुळे)

मी फार्मासिस्ट आहे. चूर्णाच्या पानाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ते हुशारीने केलेलं दिसतंय.

ते 'आधी' आणि 'नंतर'चे रिपोर्ट. सिकलसेल जनुकातला आजार आहे. एसएस आहे की वाहक म्हणजे एएस आहे, हे जन्माआधीच ठरलेलं असतं आणि चूर्ण खाऊन ते बदलत नाही. रक्त तयार करणारी मूळ पेशीच बदलली, म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं किंवा जनुकीय उपचार झाले, तरच रिपोर्ट कायमचा बदलतो. मग रिपोर्ट बनावट असेलच का? तसंही नाही. लेकराला रक्त चढवलं की देणाऱ्याचं साधं हिमोग्लोबिन त्याच्या अंगात येतं. त्यानंतर काही आठवड्यांत एचपीएलसी तपासणी (रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी) केली तर रिपोर्टवर 'ए'चा, म्हणजे त्या साध्या हिमोग्लोबिनचा भाग दिसणारच, आणि तो काही महिन्यांत ओसरतो. म्हणून असा रिपोर्ट कोणी दाखवला की विचारायचं, तपासणीआधी रक्त चढवलं होतं का आणि कधी. आप्पांनाही हेच विचारा, सन्मानाने.

ट्रायलचा नंबर पाहून लोक दबतात. सीटीआरआय ही भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही आहे. जून २००९ पासून आपल्याकडे ट्रायल सुरू करण्याआधी तिच्यात नोंद करावी लागते. पण नोंद झाली म्हणजे 'आम्ही हे तपासणार आहोत' एवढंच कळवलं. औषध लागू पडलं असा त्याचा अर्थ होत नाही. नोंदवही सगळ्यांना खुली आहे, नंबर टाकून बघा: ट्रायल त्याच आजाराची आहे का, किती माणसांवर, पूर्ण झाली का. दुसऱ्याच कोणाचा नंबर उचलून चिकटवलेलाही असू शकतो. आणि खऱ्या ट्रायलमध्ये तपासायचं औषध रुग्णाला विकत घ्यायला लावत नाहीत.

आता 'फरक पडला' याबद्दल. आप्पा खोटं बोलत नसतील. सिकलसेलचं दुखणं येतं आणि जातं, त्यामुळे दुखणं ओसरताना जे दिलं त्याला श्रेय मिळतं. दुसरी शक्यता जास्त काळजीची आहे. कुरियरने येणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळल्याची प्रकरणं देशात पुन्हा पुन्हा सापडली आहेत. सिकलसेलमध्ये स्टेरॉइडने आधी बरं वाटून नंतर दुखण्याचा झटका जोरात उलटू शकतो. 'रक्तवर्धक' म्हणून लोह भरलेलं असेल तर तेही धोक्याचं, कारण वारंवार रक्त चढवलेल्या मुलांच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं. डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड देतात. लोह मात्र कमतरता तपासल्याशिवाय देत नाहीत.

हायड्रॉक्सीयुरिया कॅन्सरमध्ये वापरतात का? हो, रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये वापरतात. त्या आयांना हे लपवू नका, नाहीतर पुढचं त्या ऐकणार नाहीत. याच औषधाने, बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात असतं ते हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि पेशी विळ्यासारख्या वाकणं कमी होतं. सिकलसेलसाठी अमेरिकेत त्याला १९९८ साली मान्यता मिळाली. डोस वजनावर ठरतो आणि रक्ताची तपासणी ठरल्यावेळी करावी लागते. अर्धं खरं सांगून औषध बंद करायला लावणारं पान हे खोट्या पानापेक्षा जास्त घातक असतं, असं माझं मत आहे. कोणतीही वेबसाइट 'चालू औषध बंद करा' म्हणाली की पुढे वाचूच नका.

तिसऱ्या लिंकमध्ये कोणी फसवत नसावं, पण ते पान जुनं आहे. व्हॉक्सेलोटरला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच ती गोळी जगभरातून मागे घेतली, कारण तिच्या अभ्यासांत दुखण्याचे झटके आणि मृत्यू यांची आकडेवारी काळजी करण्यासारखी दिसली. त्या पालकांना आजच फोन करा. पानावर शेवटची दुरुस्ती कधी झाली ते बघायची सवय ग्रुपला लावा.

साक्रीकर

माझे वडील वैद्य होते. चूर्ण म्हटलं की सगळे लगेच लबाडी म्हणतात, याचं वाईट वाटतं. आपल्या भागातल्या गोरगरिबांना अनेक वर्षं वैद्यांनीच सांभाळलंय.

औषधांच्या_काउंटरवरून (धुळे)

दादा, पॅथीवर माझा आक्षेप नाही. वैद्य असो वा एमबीबीएस, प्रश्न तेच विचारायचे. नाव काय, नोंदणी क्रमांक काय, बसता कुठे? आयुर्वेदाच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, अ‍ॅलोपॅथीची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवरही परवाना क्रमांक, घटक, बॅच आणि मुदत छापावीच लागते. तुमच्या वडिलांनी रुग्णाची नाडी न बघता, फोनवर, दुसऱ्या डॉक्टरचं औषध बंद करायला कधी सांगितलं असतं का?

साक्रीकर

कधीच नाही. पटलं. हे ग्रुपवर लिहाल तेव्हा याच शब्दांत लिहा, म्हणजे आयुर्वेद मानणारेही ऐकतील.

अक्राणीची_ताई

मी धडगावकडे आरोग्याचं काम करते. भाऊ, लांबलचक मेसेज लिहू नका, कोणी वाचणार नाही. आमच्याकडे निम्म्या आया पावरी बोलतात, काही भिली. एक मिनिटाचा आवाजातला मेसेज करा, तोही ओळखीच्या माणसाच्या आवाजात.

त्यात मोजकंच सांगा. औषध बंद करा म्हणणारी लिंक आली की आधी आपल्या डॉक्टरांना किंवा आशाताईला दाखवा. तपासणी आणि कार्ड सरकारी दवाखान्यात फुकट आहे, १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या अभियानात आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायचं ठरलं, त्यासाठी कोणी पैसे मागत नाही. ओटीपी कोणाला द्यायचा नाही.

आप्पांना मेसेज करू नका. घरी जा, चहा घ्या, नातवाची चौकशी करा, मग रक्त चढवल्याची तारीख आणि रिपोर्टची तारीख त्यांच्यासमोर जुळवा. त्यांना स्वतःला दिसू द्या. मग तेच ग्रुपवर बोलतील आणि तुमच्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकलं जाईल. तिथे असताना पुडीही मागून घ्या. लेबल नसेल तर ती अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रारीसोबत देता येते.

शहादेकर

ताई, रविवारी आप्पांकडे जातो. व्हॉक्सेलोटरवाल्या पालकांशी बोललो, ऑर्डर अजून गेलेली नव्हती.

एक राहिलं. एका घरात मुलाचं हायड्रॉक्सीयुरिया बंद करून चूर्ण सुरू झालंच आहे. त्यांना काय सांगू? आजपासून पुन्हा गोळी द्या म्हणू का?

अक्राणीची_ताई

तुम्ही डोस सांगू नका. चूर्ण, त्याचं पाकीट आणि जुनी फाइल घेऊन त्यांना उद्याच जिल्हा रुग्णालयात पाठवा. रक्ताची तपासणी होईल आणि गोळी कधी, किती द्यायची ते डॉक्टर ठरवतील. पण चूर्ण खूप दिवस चालू असेल आणि त्यात स्टेरॉइड असेल तर ते एकदम तोडल्यानेही त्रास होतो, म्हणून 'लपवू नका, सगळं सांगा, कोणी रागावणार नाही' हे त्यांना बजावून ठेवा. तोवर मुलाला पाणी भरपूर द्या. ताप आला, धाप लागली, छातीत दुखलं, पोटाच्या डाव्या बाजूला अचानक फुगलं किंवा एक हात-पाय लुळा वाटला तर उद्याची वाट बघायची नाही, १०८ बोलवायची.

पावरीतला मेसेज मी रेकॉर्ड करून देते. अहिराणीतला कोण करतं?

भुसावळ_जंक्शन

माझी आई करेल. मजकूर तेवढा पाठवा.