उत्तर: नक्कल कसली?

अमेरिकेबाहेरच्या कृष्णवर्णीयांची पॉप संस्कृती म्हणजे अमेरिकेची नक्कल, असं एक मत वाचलं; ते पटलं नाही. ब्राझीलमधलं साल्वादोर बघा. १९७४ साली तिथल्या लिबेरदादे वस्तीत 'इले आये' हा कार्निव्हलचा जथा स्थापन झाला, फक्त कृष्णवर्णीयांचा. अमेरिकेतल्या 'ब्लॅक पॉवर' या कृष्णवर्णीयांच्या चळवळीचं वारं लागलं होतंच, पण नाव पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेतलं आणि पाठबळ कांदोम्ब्ले या आफ्रिकी मुळांच्या ब्राझिली धर्मातल्या पुजारिणीचं. पहिल्याच कार्निव्हलला, १९७५ मध्ये, स्थानिक वर्तमानपत्राने उलट त्यांनाच वर्णद्वेषी ठरवलं! (हा युक्तिवाद आपल्याकडेही ओळखीचाच.) पुढे त्याच शहरातल्या 'ओलोदुम' या ढोलवादकांच्या गटाच्या ढोलांत ब्राझीलचा सांबा आणि जमैकाचा रेगे हे संगीतप्रकार एकत्र आले. १९९६ ला मायकल जॅक्सन गाण्याच्या चित्रीकरणासाठी साल्वादोरच्या पेलोरिन्यो या जुन्या भागात आला, तेव्हा 'ओलोदुम'चाच टी-शर्ट घालून त्यांच्या ढोलांवर नाचला.