हार्वेस्टचा लिलाव: ठेवावा, बदलावा की बंदच करावा?

पेटीवाली, पुणे

जय ख्रिस्त सगळ्यांना.

आमची पुण्यातली मराठी मेथडिस्ट (प्रोटेस्टंट पंथातलं) मंडळी, म्हणजे चर्च. रविवारी निम्मी बाकं रिकामी, नाताळात मात्र अंगणात खुर्च्या टाकाव्या लागतात. यंदा महिला मंडळाची सेक्रेटरी मी आहे. कोणी हो म्हणेना, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. पहिलंच काम आलं ते उपकारस्तुतीच्या सणाचं, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या हार्वेस्टचं. वेदीची सजावट, स्टॉल, जेवण हे सगळं बायका मिळून करू. अडलंय ते लिलावापाशी.

रीत तुम्हाला ठाऊकच आहे. लोक वेदीपुढे फळं, भाज्या, नारळ, अंडी, धान्य आणून ठेवतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि उपासना सुटली की अंगणात टेबल मांडून लिलाव. सासूबाईंच्या वेळी ज्वारीची ताटं, शेंगांची पोती, अंगणातल्या पपया यायच्या. आता शेत कुणाचं राहिलंय? फ्लॅटमधली माणसं शनिवारी रात्री बाजारात जाऊन आणतात. गेल्या वर्षी एका अननसावर मॉलचं स्टिकर तसंच होतं. पुकारणाऱ्या काकांनी किंमत मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "चला, इथून पुढे बोला!" हशा पिकला. हे मला चालतं. अर्पण विकतचं असलं म्हणून काही बिघडत नाही.

बिघडलं ते पुढे. एका बाईंनी चॉकलेट केक दिला होता, वर जेम्सच्या गोळ्या लावलेला. आमच्यात एक भाऊ सिक्युरिटीत आहेत, नाइट ड्युटी संपवून तसेच चर्चला येतात. त्यांच्या मुलीची नजर पहिल्यापासून त्या केकवर. भावांनी दीडशे म्हटलं. मागून कोणी पाचशे, कोणी हजार. दोघा मित्रांची आपसात चढाओढ लागली आणि केक दोन हजारांना गेला. त्यात काका माइकवर म्हणाले, "काय हो, दीडशेवरच थांबलात?" कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगीन. पण त्या भावांनी मुलीचा हात धरला आणि जेवायला न थांबता ते निघून गेले. पुढे कितीतरी रविवार ते घर दिसलं नाही.

दुसरी बाजूही सांगते. पार्सनेजचं, म्हणजे पाळकांच्या घराचं, छत गळतंय, वरच्या संस्थेचा, कॉन्फरन्सचा वाटा भरायचाय आणि वर्षातली सगळ्यात मोठी रक्कम त्या एका दुपारी जमते. पाळकसाहेब बदली होऊन नुकतेच आलेत, ते म्हणतात कमिटीत ठरवा. जुनी माणसं म्हणतात लिलाव नाही तर हार्वेस्ट कसला. यूथवाले म्हणतात बंद करा.

तुमच्याकडे कसं करतात? अनुभव सांगा, बायबलची वचनं मला पाठ आहेत.

---

बेळगावकर

ओ ताई, योग्य माणसाला विचारलंत. आमच्या चर्चात मीच पुकारतो, केस काळे होते तेव्हापासून.

बेळगावात आधी लंडन मिशनचं काम होतं, १९०४ साली ते मेथडिस्टांकडे आलं. आमच्यात मराठीवालेही आणि कन्नडवालेही. लिलाव दोन्ही भाषांत पुकारायचा म्हणजे घसा बसतोच. "एक वार, दोन वार" झालं की लगेच "ऒंदु सल, ऎरडु सल". मजा असते बघा. ही मजा बंद करू नका, एवढं आधी सांगतो.

आता तुमचा केक. लिलावात तीच वस्तू ठेवायची जी कुणालाच नकोय! भोपळा, उसाची मोळी, केळीचा आख्खा घड, नारळ. भोपळा दोन हजारांना गेला तर कुठलं पोर रडत नाही. घेणारा घेतो आणि "परत लावा" म्हणून तिथंच सोडतो. आमच्याकडं एक नारळ दुपारभर फिरतो. दर वेळी पैसे येतात आणि नारळ टेबलावरच. शेवटी पाळकीणबाई तो घेऊन जातात चटणीला.

केक, लाडू, चिवडा, लोणचं, म्हणजे ज्यावर पोरांचा आणि बायकांचा जीव असतो, ते सगळं स्टॉलवर, ठरल्या भावाला. केक आख्खा विकायचाच नाही, तुकडे करून दहा-वीस रुपयांना.

आणि पुकारणाऱ्यानं कुणाचं नाव घ्यायचं नाही, पगार काढायचा नाही, "तुम्ही काय गप्प" म्हणायचं नाही. हात वर झाला तर बोली, नाही तर नाही. लोकांना चिडवून पैसे काढणं सोपं असतंय, पुढच्या वर्षी ती माणसं येत नाहीत.

---

नुसताच_युवक

आता कुठला जमाना आहे? क्यूआर कोड लावा, ज्याला जे द्यायचंय ते देईल. लिलाव म्हणजे पैशाचं प्रदर्शन. डाव्या हाताला कळू नये असं लिहिलंय ना?

---

बेळगावकर

बाळा, लिहिलंय की. आमच्यातसुद्धा कोड लावलाय, दानपेटीच्या वरच. लोक फोटो काढून घरी जातात, "नंतर पाठवतो" म्हणून. तुझं किती आलं गेल्या वर्षी?

---

हिशेबनीस, मुंबई

ताई, मी मंडळीचा खजिनदार आहे, म्हणून माझा चष्मा वेगळा.

लिलावात बोललेला आकडा म्हणजे जमा झालेले पैसे नव्हेत. आमच्याकडे बोली ऐकून टाळ्या व्हायच्या आणि उधारीची वही नाताळ उलटला तरी मिटायची नाही. मग वसुली कोणी करायची? मी. चर्चच्या दारात माणसं मला बघून दुसऱ्या दाराने जायची. आता टेबलाशेजारी दोन माणसं बसतात, एक पावती फाडतो, दुसरा वहीत लिहितो. पैसे दिल्याशिवाय वस्तू हलत नाही. रोख मोजायची ती दोघांनी मिळून, तिथंच. छतासाठी जमवत असाल तर पत्रे, मजुरी, एकूण खर्च हे सगळं फळ्यावर लिहा. कशासाठी देतोय ते दिसलं की चढाओढ थोडी शहाणी होते.

वचनं नकोत म्हणालात, म्हणून इतिहास सांगतो. आपल्या मेथडिस्टांच्या क्लास सभांची, म्हणजे मंडळीतल्या छोट्या गटांची, सुरुवातच वर्गणीतून झाली. १७४२ साल, इंग्लंडमधलं ब्रिस्टल. तिथल्या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. ठरलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची. कोणी म्हणालं, पुष्कळांना तेवढंही परवडणार नाही. तेव्हा फॉय नावाचा कॅप्टन म्हणाला की सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे लावा, दर आठवड्याला मी त्यांच्याकडे जाईन, त्यांना देता आलं तर उत्तम, नाही आलं तर त्यांचं मी भरीन. वसुलीला घरोघर गेल्यावर कोण आजारी, कुणाच्या घरात भांडण, कोण पिऊन पडतो हे कळायला लागलं, आणि मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या वेस्लींनी त्याच बारा-बारांच्या गटांवर सगळी देखरेख उभी केली. म्हणजे पैसे मागायला लाजायचं कारण नाही. मात्र कुणाच्या खिशात काय आहे हे फॉयला माहीत होतं, माइकला नव्हतं.

त्या सिक्युरिटीतल्या भावांच्या घरी नंतर कोणी गेलं का?

---

पेटीवाली, पुणे

पाळकीणबाई आणि मी गेलो होतो. त्यांनी चहा केला, मुलीने शाळेची वही दाखवली. केकचा विषय त्यांनीही काढला नाही, आम्हीही नाही. आता येतात, पण शेवटच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद झाला की निघतात.

बेळगावकर काका, स्टॉलची कल्पना पटली. पण स्टॉलवर तरी वीस रुपये लागतातच ना?

---

वाशीमकडचा

आमचा सर्किट, म्हणजे एका पाळकाकडच्या मंडळ्यांचा गट, खेड्यांचा. सोयाबीन निघालं, तूर उभी असते, कापूस वेचणीला आलेला. माणसाच्या हातात तेव्हा पैसा कमी आणि माल जास्त. म्हणून आमच्याकडे पायलीभर ज्वारी, डाळ, तेल असंच येतं. जिवंत कोंबड्याही येतात, पाय बांधून. उपदेश लांबला की त्याच आमेन म्हणतात.

आम्ही लिलावाच्या आधी एक वाटा बाजूला काढतो. त्याला सरवाच म्हणतो, कापणीनंतर शेतात पडून राहतो तसा. बायबलच्या लेवीय पुस्तकात आहे ना, शेताच्या कडा कापू नका, सरवा वेचू नका, ते गरिबाला आणि परक्याला ठेवा. (वचन नको म्हणालात, तरी हे घ्या.) बायबलमधली विधवा रूथ त्याच सरव्यावर जगली. तो वाटा टेबलावर येतच नाही, त्याची बोली होत नाही. विधवा, म्हातारी माणसं, ज्याच्या घरी दवाखाना चालू आहे, त्यांच्याकडे तो जातो.

---

पेटीवाली, पुणे

छान आहे, पण शहरात घोळ होईल. पिशवी कुणाच्या दारात गेली हे सोसायटीच्या गेटवरच कळतं. ज्याच्या मनाला केकची बोली लागली, त्याच्या मनाला पिशवीही लागेल. आमच्या एक आजी निवृत्त नर्स आहेत, पेन्शन तुटपुंजी, पण कुणी मदतीचं नाव काढलं तर दार लावून घेतील.

---

वाशीमकडचा

मग पिशवी म्हणून नेऊच नका, ताई. हार्वेस्टनंतरच्या आठवड्यात पाळकसाहेब आजारी आणि वृद्ध लोकांना घरी प्रभुभोजन द्यायला जातातच. सोबत "वेदीवरचा प्रसाद" म्हणून, नाही, प्रसाद म्हटलं तर आमचे जुने पंच चिडतात, "वेदीवरची फळं" म्हणून टोपली न्या. अन् ती सगळ्यांकडे न्या. पेन्शनवाल्या आजींकडेही अन् बंगल्यात पडून असलेल्या साहेबांकडेही. बंगल्यात दोन संत्री, आजींकडे संत्र्याखाली तांदूळ-डाळ. वरून टोपली सारखीच दिसते.

अन् लेकरांचं सोपं आहे. संडे स्कूलच्या प्रत्येक पोराला स्टॉलचं एक कूपन द्या, सगळ्यांना सारखं. खर्च लिलावातून वजा. खजिनदार कुरकुरले तर वरचं फॉयचं वाचून दाखवा.

---

हिशेबनीस, मुंबई

कुरकुरणार नाही. पण कूपनांवर शिक्का मारा आणि मोजून द्या. नाहीतर यूथवाले झेरॉक्स काढून बिर्याणी खातील.

---

नुसताच_युवक

हे जरा जास्तच झालं, काका.

(कूपनचं डिझाइन मी करून देतो. ताई, मेसेज करा.)

---

पेटीवाली, पुणे

काल कमिटी झाली. लिलाव राहणार, पण फक्त वेदीवरची फळं, भाजी आणि धान्य. घरचं खाणं सगळं स्टॉलवर. मुलांना शिक्का मारलेली कूपनं. टोपल्या पाळकसाहेबांसोबत, सतरा घरी, सगळ्या एकाच कापडाने झाकलेल्या. कापड मी आणलंय, हिरवं. पावतीपुस्तकावरून अर्धा तास वाद झाला, शेवटी दोन माणसं बसवायचं ठरलं.

पुकारणाऱ्या काकांना "नाव घ्यायचं नाही" हे सांगायचं कोणी, यावर मात्र सगळे छताकडे बघायला लागले. गळकं का असेना, त्या वेळी फार सुंदर वाटलं सगळ्यांना. काका वीस-बावीस वर्षं पुकारताहेत, मनाने सोन्यासारखे, पण रागीट. पाळकसाहेब नवे, त्यांच्यावर ढकलणं बरं नाही. बेळगावकर काका, तुम्ही असता तर कसं ऐकलं असतंत?

---

बेळगावकर

सांगितलेलं ऐकलं नसतं, ताई. मी पण तसलाच.

त्यांच्याकडं जा आणि म्हणा, यंदा नवीन पोराला तयार करायचंय, तुम्ही त्याला नियम शिकवा. मग नियमांचा कागद त्यांच्याच हातात द्या आणि त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावा, त्या पोरासमोर. तुमच्या त्या युवकालाच धरा, त्याला लिलाव बंद करायचाय ना, त्यालाच पुकारू दे दोन भोपळे. आणि दोन बोलींच्या मध्ये तुम्ही पेटी वाजवा. पेटी चालू असली की माइकवर बडबड करायला जागाच राहत नाही.

---

पेटीवाली, पुणे

पेटीचं डोक्यात आलंच नव्हतं. बुधवारी प्रार्थनासभा झाली की युवकाला घेऊन काकांकडे जाते. काकूंना आधीच फोन केलाय, त्या म्हणाल्या, जेवायच्या आधी येऊ नका, जेवण झाल्यावर या.