डॉट कॉम, डॉट इन आणि डॉट को डॉट इन, तिन्हीवर एकच साईट
एकाच साईटसाठी तीन डोमेन (साईटचे पत्ते) घेतले आणि तिन्हीवर तीच साईट दिसते म्हणून गूगल पेनल्टी लावेल, म्हणजे शिक्षा म्हणून सर्चमध्ये खाली ढकलेल, असं काही जण म्हणतात, तसं काही नसतं, पण गूगल त्यातली एकच कॉपी रिझल्टमध्ये धरतं आणि ती कुठली हे मग तेच ठरवतं, म्हणजे डॉट कॉम छापलंय व्हिजिटिंग कार्डावर आणि सर्चमध्ये येतंय डॉट को डॉट इन. त्यापेक्षा एक मुख्य ठरवा न बाकी दोन्हीवरून ३०१ रिडायरेक्ट द्या, म्हणजे पत्ता कायमचा बदललाय असं सांगून येणाऱ्याला आपोआप मुख्य डोमेनवर पाठवा. सगळं होमपेजवर ढकलू नका हां, प्रत्येक पान त्याच्याच जोडीच्या पानावर गेलं पाहिजे, नाहीतर त्या पानांना मिळालेल्या लिंका वाया जातात.

रजिस्ट्रारकडे (जिथून डोमेन घेतलं ती कंपनी) मास्किंगवालं, म्हणजे खरा पत्ता झाकणारं, फॉरवर्डिंग दिसेल, त्याच्या नादी लागू नका, त्यात साईट फ्रेममध्ये उघडते आणि वर ॲड्रेस बारमध्ये नाव जुनंच राहतं. आणि रिडायरेक्टवाल्या डोमेनला पण एसएसएल (https साठीचं सर्टिफिकेट) लागतं, हे लोक हमखास विसरतात.

कॅनॉनिकल टॅग (मुख्य पान कुठलं हे गूगलला सांगणारी पानाच्या कोडमधली ओळ) रिडायरेक्ट जमतच नसेल तरच वापरा, गूगल तो पाळेलच असं नाही.

उद्या मुख्य डोमेनच बदललं तर सर्च कन्सोलमधून (साईटमालकांसाठीचं गूगलचं टूल) चेंज ऑफ ॲड्रेस करा, आणि रिडायरेक्ट किमान १ वर्ष ठेवा असं गूगलच सांगतं, मी तर म्हणेन जुनं डोमेन रिन्यू करतच रहा.